प्रोसेसर बदलण्याआधी त्याच्या झाकणाखालची पेस्ट बदला

घरातला आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप तापतोय, पंखा घोंघावतोय, काम वाढलं की मशीन रखडतंय आणि दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. पैसे काढण्याआधी माझं थोडं ऐका. अशा बऱ्याच मशीनमध्ये प्रोसेसर ठणठणीत असतो, त्याच्या उष्णतेची बाहेर पडायची वाट तेवढी अडलेली असते.

प्रोसेसरवर दिसणारं चकचकीत धातूचं झाकण म्हणजे चिप नव्हे. खरी चिप त्याखाली असते, जेमतेम नखाएवढी. तिची उष्णता आधी झाकणात जाते, मग झाकणातून कूलरमध्ये. 2011 च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने चिप आणि झाकण सोल्डरने जोडले होते. 2012 च्या आयव्ही ब्रिजपासून सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तिथे उष्णता पोचवणारी पेस्ट आली आणि आठव्या पिढीपर्यंत तीच राहिली. शिवाय झाकण ज्या काळ्या सिलिकॉनने चिकटवलेलं असतं, त्याच्या जाडीमुळे झाकण थोडं उचललेलं राहतं आणि पेस्टचा थर जाड होतो. माझ्या मते दोष पेस्टपेक्षा या फटीचा जास्त आहे.

तरीही लगेच झाकण उघडायला जाऊ नका. आधी ब्लोअरने धूळ काढा. कूलर उतरवून वरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी लावा. कूलरचे चारही पाय बोर्डात नीट बसले आहेत ना, ते चाचपून पाहा. एक पाय सुटला तरी तापमान भडकतं. कार्यालयीन कामाच्या आय-थ्री, आय-फाइव्ह मशीनचं एवढ्यावरच भागतं. त्यांचं झाकण उघडूच नये. लॅपटॉपवाल्यांनाही हा प्रश्न नाही, कारण तिथे चिपवर बहुधा झाकणच नसतं.

एवढं करूनही व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम सुरू करताच कोअर टेंप या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला आकडा काही सेकंदांत नव्वदीत जात असेल, तर तो लिहून ठेवा आणि कूलरच्या धातूच्या ठोकळ्याच्या, म्हणजे हीटसिंकच्या बुडाला हळूच बोट लावा. चिप नव्वदीत आणि हीटसिंक कोमट असेल, तर अडथळा झाकणाखाली आहे.

मग पिढी तपासा. दुसरी पिढी (सँडी ब्रिज) किंवा 9900के, 9700के यांसारखे प्रोसेसर असतील तर हात लावू नका. ते सोल्डरचे आहेत. झाकण ओढताना चिपच तडकू शकते. पेस्टवाल्या पिढ्यांसाठी झाकण सरकवायचं साधन मिळतं: प्रोसेसर त्यात बसवून स्क्रू फिरवत जायचं, झाकण आडवं सरकतं आणि सिलिकॉन सुटतं. इंटरनेटवर ब्लेडने कापणारे दिसतील. कृपा करून ते करू नका. झाकणाखालच्या हिरव्या पट्टीत बारीक तारांचं जाळं असतं, ब्लेड जरा खोल गेलं की प्रोसेसर कायमचा गेला. वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाते.

उघडल्यावर दोन्हीकडचं काळं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने पूर्ण खरवडून काढा. फट त्यानेच मिटते, म्हणून घाई नको. पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावलं तर लोडवरचं तापमान दहा अंशांहूनही जास्त उतरू शकतं. पण त्यात गॅलियम असतं. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं. चौथ्या पिढीत चिपशेजारीच बारीक पार्ट असतात, त्यावर थेंब गेला तर शॉर्ट होतो. पहिल्यांदा करणाऱ्याने वीज न वाहणारी चांगली घट्ट पेस्टच वापरावी. घट थोडी कमी मिळेल, पण धोका टळेल.

झाकण परत बसवताना कडेने सलग सिलिकॉन लावू नका, चार कोपऱ्यांत बारीक ठिपके पुरेत. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवून खटका लावा आणि सिलिकॉन वाळेपर्यंत तसाच राहू द्या. मग कूलर लावून आधीचंच जड काम तेवढाच वेळ चालवून आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहा, आणि तेही दिवसाच्या त्याच वेळी. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली सकाळपेक्षा दुपारी जितकी तापते, जवळपास तितकीच भर चिपच्या आकड्यात पडते.