यादी नसलेले दान

दिवाळीची साफसफाई हा आमच्या मामांच्या घरी दरवर्षी एका ट्रंकेवरून होणाऱ्या भांडणाचा मुहूर्त असतो. ट्रंक पलंगाखालची, लोखंडी, हिरव्या रंगाची. आत मामांनी साठ वर्षे जमवलेले कागद. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती, पुण्याच्या चित्रशाळेचे देवदेवतांचे शिळाछाप, काड्यापेट्यांवरचे कागद आणि गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवीत ती रंगीत तिकिटे. मामींच्या मते ही सगळी रद्दी. मामांच्या मते त्यांची इस्टेट.

यंदा मात्र भांडण झाले नाही. मामांनीच जाहीर केले, “हे सगळं मी म्युझियमला देऊन टाकणार.” मामा आता शहाऐंशीचे. मुलगा परदेशी, मुलगी बंगळुरास. दोघांच्याही घरांत पलंगाखाली जागा नाही. मामी म्हणाल्या, “द्या एकदाचं!” पण आवाज थोडा ओला होता.

चार दिवसांनी संग्रहालयातली एक तरुण मुलगी आली. तिने ट्रंक आदराने उघडली, हात पुसून एकेक कागद पाहिला आणि शेवटी विचारले, “आजोबा, याची यादी आहे का? कोणता कागद, कुठून, कधी मिळाला?” झाले! ती गेल्यावर मामांनी मला फोन करून बोलावून घेतले. “मी दान करतोय, आणि ही पोर माझ्याकडे हिशेब मागते! राहू दे ट्रंक पलंगाखालीच.”

मी चहा संपेपर्यंत गप्प राहिलो आणि मग त्यांना क्रॅशरोडची गोष्ट सांगितली. वाचकहो, तीच तुम्हालाही सांगतो.

क्लेटन मॉरडॉण्ट क्रॅशरोड हा अठराव्या शतकातला लंडनचा एक श्रीमंत, अविवाहित, कमालीचा लाजाळू पाद्री. बाप अॅन्सनच्या गलबतांवरच्या नाविक शिपायांचा नायक होता, पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरीवर निघालेला! मुलाचा सर्वांत लांबचा प्रवास मात्र लंडन ते ऑक्सफर्ड. घोड्यावर तो जन्मात बसला नाही. त्याच्या जमिनीवर चेस्टनटचे एक नामांकित झाड होते, तेही त्याने फक्त छापील चित्रात पाहिले, असे सांगतात. त्याच्या जीवाला एकच घोर होता. त्याच्या एका वतनाची अट अशी, की राज्याभिषेकाच्या वेळी राजाला पहिला प्याला वतनदाराने द्यायचा. एवढ्या लोकांसमोर उभे राहायचे, या नुसत्या कल्पनेने तो घाबरे. सुदैवाने तिसरा जॉर्ज त्याच्यापेक्षा दीर्घायुषी निघाला आणि तो प्रसंग आलाच नाही.

असा हा माणूस रोज ठरलेल्या पुस्तकांच्या दुकानांत जाई आणि खिशात काहीतरी घालून घरी येई. 1799 मध्ये तो वारला, तेव्हा सुमारे साडेचार हजार ग्रंथ, नाणी, शिंपले आणि रेखाटने व छापचित्रे यांचे सुमारे शंभर बासनांचे भांडार त्याने ब्रिटिश म्युझियमला ठेवले. दोन ग्रंथ तेवढे मित्रांना. रेम्ब्रांच्या हातचे छाप त्यात होते. एवढे मोठे दान, पण त्या चित्रांची नीट तपशीलवार यादी म्युझियमने केली नाही. येथेच माशी शिंकली.

रॉबर्ट डायटन नावाचा व्यंगचित्रकार म्युझियमात येऊ लागला. त्याने तिथल्या अधिकाऱ्याशी, बेलो यांच्याशी, गोडी जमवली. त्यांची आणि त्यांच्या मुलीची चित्रे फुकट काढून दिली. बेलो खूष! डायटनपुढे बासने मोकळी होऊ लागली आणि जाताना त्याच्याबरोबर चित्रेही. 1806 मध्ये वुडबर्न नावाच्या व्यापाऱ्याने रेम्ब्रांचे एक गाडीचे निसर्गचित्र विकत घेतले. आपला छाप अस्सल आहे ना, हे ताडून पाहावे म्हणून तो ते घेऊन म्युझियमात गेला. बघतो तो तिथला छाप जागेवर नाही! कारण तो त्याच्याच हातात होता.

डायटनने कबुली दिली आणि चित्रे परत मिळवायला मदत केली, म्हणून तो सुटला. भोळ्या बेलोंची नोकरी गेली. पण 1808 मध्ये चित्रांची व्यवस्था स्वतंत्र झाली, विल्यम अलेक्झांडर नावाच्या चित्रकाराकडे ती सोपवली गेली, मोजदाद सुरू झाली. आज जगातले कोणतेही नीट चालणारे संग्रहालय दान घेताना आधी वही काढते, त्यामागे असे पोळलेले हात आहेत.

“म्हणजे मामा,” मी म्हटले, “ती मुलगी हिशेब मागत नव्हती. तुमचे कागद उद्या कोणी खिशात घालू नये, याची ती तजवीज करत होती.”

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. “येताना दोनशे पानी वही आण.”

धनत्रयोदशीला आम्ही बसलो. मामा सांगत, मी लिही. जाता जाता त्या मुलीच्या सूचनाही मामींनी मला ऐकवल्या, त्या आपल्या घरच्या जुन्या फोटोंनाही लागू आहेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, उन्हासमोरच्या भिंतीवर टांगू नये. कसर लागू नये म्हणून कोरड्या जागी आम्लविरहित कागदात सपाट ठेवावे.

दुपारपर्यंत एकशे बारा नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीबरोबर मामा एक माणूस सांगत. हा कागद लालबागच्या जॉबरने दिला, हा गिरगावातल्या वाण्याने. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. साठ वर्षांत प्रथमच, असे त्याच म्हणाल्या.

मग ताग्यांच्या तिकिटांचा गठ्ठा आला आणि माझा हात थांबला. त्यात दोन मोरांचे एक तिकीट असायला हवे होते. 1971 च्या मेच्या सुट्टीत, मामा दुपारी झोपलेले असताना, ते मी माझ्या भूगोलाच्या पुस्तकात घातले होते. आजही माझ्या कपाटात आहे.

मी खाली मान घालून वहीत पाहत राहिलो. मामांनी चष्मा पुसला.

“लिही,” ते म्हणाले, “एकशे तेरा. दोन मोर. सध्या भाच्याकडे. भाऊबीजेला येताना घेऊन येणार आहे.”

मी लिहिले.