गाडीला मिशी हवी का?

परवा सीताबर्डीवरच्या मित्राला फोन केला आणि म्हटलं, "बॉस, बुलबार बसवायचाय. काळा, मॅट फिनिश, एकदम खतरनाक." तो जाम खूश. तीन वर्षं तो माझ्या थारच्या 'साध्या तोंडा'वरून मला पिडत होता.

पण माझं कारण स्टाइल नव्हतं. खरंच टरकलो होतो.

त्याचं असं झालं, मामाजींचं गाव अड्याळजवळ. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मिहानमधून निघायचं, भंडाऱ्याला चहा मारायचा आणि पवनी रोड पकडायचा, हा आपला ठरलेला कार्यक्रम. त्या शुक्रवारी उशीर झाला होता. दोन्ही बाजूला धानाची बांधी, रस्ता मोकळा, काटा ८० वर. समोरून ट्रक आला म्हणून डिपर दिला. ट्रक गेला आणि रस्त्याच्या मधोमध रोही उभा! म्हणजे नीलगाय हो, पण आमच्याकडे रोहीच म्हणतात. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. त्यालाच दया आली असावी, एक उडी मारून तो बांधीत गेला. मी पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसून होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात. दुकानदारानं तीन प्रकार दाखवले. एक नुसती वाकवलेली नळी, बंपरसमोर शोभेला. दुसरा पूर्ण बुलबार, हेडलाइटपर्यंत चढणारा. तिसरा आख्खा लोखंडी बंपर, विंच लावायला जागा ठेवलेला. "सर, भिंतीला धडकलात तरी गाडीला काही होणार नाही." वाक्य ऐकायला भारी वाटलं. घरी येताना मात्र ते डोक्यात वळवळायला लागलं. गाडीला काही होणार नाही, मग जे व्हायचं ते कोणाला होणार?

दोन रात्री वाचण्यात घालवल्या. ईएमआय भरणारा माणूस शंका आली की अभ्यासू होतो. तर गाडीच्या पुढच्या भागाचं काम मुळात चेपण्याचंच असतं. बंपरमागचे भाग चुरगळतात, त्या चुरगळण्यात धक्का थोडा लांबतो आणि आपल्या छातीपर्यंत कमी पोचतो. बुलबार सरळ चासीच्या टोकांना बोल्ट करतात. चुरगळायचं ते चुरगळत नाही, धक्का चासीतून थेट आत. त्यात एअरबॅगचं वेगळंच. गाडीचा वेग किती झटकन उतरला हे सेन्सर मोजतो, आणि ते गणित कंपनीनं मूळ बंपरवर बसवलेलं असतं. पुढे लोखंड आलं की एअरबॅग उघडायची वेळ चुकू शकते. इथे सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांचा आहे.

आणि रोही? मोठा नर २०० किलोच्या वर, खांद्याला चार-साडेचार फूट. पाय लांब, अंग वर. बंपरच्या उंचीवरचं लोखंड त्याचे पाय उडवणार आणि तो बॉनेटवरून काचेवर येणार. रानडुक्कर असेल तर ते खालून जाणार. थोडक्यात, ज्या प्राण्यासाठी खर्च करायचा, त्याच्या मापाचा तो गार्डच नाही!

बुलबार म्हणजे निव्वळ चमकोगिरी, असंही नाही. ऑस्ट्रेलियात त्याला 'रू बार' म्हणतात, कांगारूवरून. तिथे आडरानात रेडिएटर फुटला तर पुढचं गाव शेकडो किलोमीटरवर. रेडिएटर आणि लाइट वाचले म्हणजे माणूस वाचला. तिथे त्याला अर्थ आहे. भंडारा ते पवनी रस्त्यावर मात्र दर थोड्या अंतरावर पंक्चरवाला आहे, आणि त्याच्याहून जास्त आहेत सायकलवर घरी निघालेली माणसं. युरोपियन युनियननं नेमक्या या माणसांचा विचार करून २००५ मध्ये नियम केला की पादचाऱ्याच्या पायाच्या आणि डोक्याच्या चाचण्यांत पास होईल तोच गार्ड विकायचा.

आपल्याकडे तर विषयच संपतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं ७ डिसेंबर २०१७ ला सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करा. आधार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे गाडीत परस्पर बदल नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदार यातलं काहीच बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं म्हणा!

त्याच डिसेंबरच्या अखेरीस बाजारगावजवळ हायवेवर बोर अभयारण्यातला बाजीराव वाघ गाडीच्या धडकेनं मेला. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात, नागझिरा आणि नवेगावच्या मधल्या पट्ट्यात, आणखी एक. तो जखमी वाघ रस्त्यावरून सरपटत जातानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी पूर्ण पाहू शकलो नाही.

हे सगळं मामाजींना सांगायला गेलो. त्यांच्या अंगणात जुनी कमांडर जीप आहे, तिला पुढे हा जाड लोखंडी गार्ड, भंडाऱ्याच्या वेल्डरकडून बनवलेला. ते त्याला मिशी म्हणतात. मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. ते सुपारी कातरत बराच वेळ गप्पच राहिले.

"हे लावली त्या साली एक जण लागला होता," म्हणाले. "आपल्याच गावचा. सायकलवर होता. मी काही जोरात नव्हतो बाबू, बाजाराचा दिवस. गार्डले ओरखडा नाही. त्याची मांडी मोडली. तीन महिने खाटेवर होता, रोवणी गेली त्याची."

"मंग काढला नाही काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"काढला असता तर लोक म्हणले असते, याच्यानंच झालं."

मामी आतून चहा घेऊन आल्या आणि विषय धानाच्या भावावर गेला.

बुलबार कॅन्सल केला. मित्र दोन दिवस बोलला नाही. त्या पैशातले थोडे खर्च करून हेडलाइटचा कोन नीट करून घेतला (डावा चक्क आकाशाकडे बघत होता), काच आतून-बाहेरून घासली, वायपर बदलले. आणि एक हिशेब कागदावर मांडला. लो बीमचा उजेड साधारण ४०-५० मीटर. ८० च्या स्पीडला डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत, एका सेकंदात, २२ मीटर जातात. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. झाले ५७. म्हणजे त्या रात्री मी उजेडाच्या पलीकडे गाडी चालवत होतो! ५० ला तेच सगळं मिळून २८ मीटरमध्ये आटपतं.

तेव्हा अंधार पडला की पवनी रोडवर काटा ५०. पहिल्या शुक्रवारी फार बोअर झालं, खोटं कशाला सांगू. आता गाणी ऐकून होतात. त्रास एकच, मागून हॉर्न मारत येणाऱ्यांना सारखी साइड द्यावी लागते. पुढे गेल्यावर बघतो, तर निम्म्यांना मिशी असते.