लिंगोच्या कथेचे वारस

मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात असताना गोंडांचा धर्मगुरू लिंगो याची कथा परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक कथागायकाकडून, उतरवून घेतली. १८६३मध्ये बोरीजवळ नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. १८६६मध्ये रिचर्ड टेंपल यांनी हिस्लॉप यांचे कागद छापले आणि १८७१मध्ये कॅप्टन फोर्सिथ यांच्या पुस्तकात ही कथा इंग्रजी पद्यात अवतरली. पण मला मोलाचं वाटतं ते नागपूरचेच गोंड अभ्यासक मोतीरावण कंगाली यांचं काम. आपल्या समाजाची कथा त्यांनी आतून सांगितली. त्या कथेत काय नाही? गोंडांचं तीर्थक्षेत्र असलेल्या कचारगडच्या गुहेत कोंडलेली मुलं, तोंडावरची प्रचंड शिळा, ती हटताना तिच्याखाली जीव गमावणारा वादक हिरासुका! एवढ्या ऐवजावर अख्खी कादंबरी उभी राहील. नव्या लेखकांनो, माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला जा आणि लिहिण्याआधी जाणत्या माणसांकडून ही कथा ऐका.