राउटर आपल्या घरात, चावी दुसऱ्याच्या खिशात



थॉमसनचा प्लॉट, छाटणीचा २७ वा दिवस. रात्री दव, सकाळी ढगाळ. आजची नोंद मात्र फवारणीची नाही. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीची आहे, जिला आपण राउटर म्हणतो. "द्राक्षाच्या पानावर हे काय काढलं?" असं काहींना वाटेल. आधी वाचा, मग भांडा.

मागच्या हंगामात घरालगतच्या प्लॉटमध्ये मी एक छोटं हवामान यंत्र लावलं. पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती होती, हे ते घरच्या वायफायवरून मोबाईलवर पाठवतं. मध्येच नेट बंद पडलं. तक्रार केली. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, जुना राउटर काढला, नवा लावला, माझ्या मोबाईलवर व्हिडिओ चालवून दाखवला आणि गेला. पंधरा मिनिटांचं काम. मीही खूश.

नव्या राउटरचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. मोबाईलमध्ये त्यानं तो टाकून दिला. बागेतल्या यंत्राला कोण सांगणार? ते बिचारं जुन्याच नावाला हाका मारत बसलं. आठ रात्री. त्यातल्या पहिल्या दोन रात्री पाऊस भुरभुरला होता. अ‍ॅपवर आकडे दिसत होते, पण ते जुने होते. वरची तारीख मी बघितलीच नाही. इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललो. नवव्या दिवशी पानावर तेलकट डाग, पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. डाऊनी.

सगळा दोष राउटरवर टाकणार नाही. बाग माझी, पानं रोज उलटून बघायचं काम माझं. पण ज्याच्यावर विसंबलो ते यंत्र आंधळं होऊन बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता. पुढे कळलं की उपाय दोन मिनिटांचा होता. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड, अक्षर न अक्षर तसाच, दिला असता आणि सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवला असता, तर यंत्र आपोआप जोडलं गेलं असतं. त्या पोरानं ते केलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

म्हणून माझा राग त्या पोरावर नाही. त्याला दिवसभरात अजून चार गावं फिरायची होती. राग आपल्या सवयीवर आहे. आपण मोटारीचा स्टार्टर खोलतो. ब्लोअरचं नोझल तुंबलं तर रात्री बॅटरीच्या उजेडात साफ करतो. आणि या डबीपुढे मात्र हात जोडून उभे: "आपल्याला त्यातलं काय कळतं बुवा!" का कळू नये? ठिबकच्या संचापेक्षा हे काम सोपं आहे.

सरकारनं २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर झाली. एवढा खटाटोप करून तार गावात येते, आणि घरातल्या शेवटच्या वीस फुटांत सगळं वाया जातं. ते वीस फूट कुठल्याच योजनेत बसत नाहीत. ते आपले आपणच बघायचे आहेत.

सगळ्यात आधी जागा. तार ज्या खिडकीतून आत आली तिथेच राउटर ठोकला जातो, कारण जोडणाऱ्याची तार वाचते. मग तो लोखंडी कपाटामागे येवो नाहीतर कोपऱ्यात. आमच्या जुन्या घराच्या दगडमातीच्या भिंती हातभर जाड, वर पत्रा. पत्रा आणि लोखंड लहरी परतवतात, जाड भिंत त्या खाते, आणि पावसाळ्यात ओल धरली की अजूनच. पाण्याची टाकीही मध्ये नको. राउटर घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर हवा. तार जास्तीची मागून घ्या. फक्त ती काटकोनात मोडू नका, आत काच असते.

जागा बरोबर की चूक हे कसं ओळखायचं? ठिबकचं प्रेशर आपण पंपाशेजारी मोजत नाही, शेवटच्या लॅटरलला जाऊन बघतो. तसंच मोबाईल घेऊन शेवटच्या खोलीत, गोठ्यात, यंत्राच्या खांबाजवळ जा आणि तिथला वेग बघा. राउटरशेजारी उभं राहून व्हिडिओ चालवणं म्हणजे पंपाजवळ पाणी बघून "भरणं झालं" म्हणणं.

आता प्लॅनचं. नेट रखडलं की पहिला सल्ला येतो: "मोठा प्लॅन घ्या." पाईपलाईन अर्धा इंची असताना तीनची मोटार काढून साडेसातची बसवायची, असा हा प्रकार. अडचण भिंतीची असेल तर १०० एमबीपीएसचा प्लॅनही भिंतीअलीकडेच थांबतो. आणि आकडा नीट वाचायला शिका. एमबीपीएस हे बिट आहेत, आपल्या फाईल मोजतात बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० एमबीपीएसला सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी. बाजारभाव, हवामान, बँक यांना याच्या कितीतरी कमी पुरतं. केंद्र सरकारनंच २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस केली आहे. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती. घरात चार जण एकाच वेळी व्हिडिओ बघत असतील तर मोठा प्लॅन जरूर घ्या. भिंतीपायी घेऊ नका.

सल्लागार मंडळींना थोडं टोचून बोलतो, राग मानू नका. तुम्ही सेन्सर सुचवता, कॅमेरा सुचवता. शेतकऱ्याच्या घरचा राउटर कुठे आहे आणि बागेपर्यंत काय पोचतं, हे विचारता का? राउटरचे दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण पल्ला कमी. २.४ चा वेग कमी, पण तो लांब जातो, भिंतीतूनही बरा जातो. वायफायवरची बहुतेक स्वस्त यंत्रं फक्त २.४ वरच चालतात. वेगाच्या नादात कुणी २.४ बंद करून ठेवलं, तर तुमचा हजारोंचा सेन्सर नुसता खांबावरचा शोपीस. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस सांगत नाही ना? मग रेंज बघितल्याशिवाय सेन्सरही सांगू नका.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर फार असतील तर २.४ वर १, ६ आणि ११ यातलं सगळ्यात मोकळं चॅनेल निवडा. ही तीन एकमेकांवर चढत नाहीत. गोठा लांब असेल तर रेंज ताणत बसू नका. पाईपमधून लॅनची तार न्या, १०० मीटरपर्यंत चालते, आणि पलीकडे दुसरा छोटा राउटर लावा.

लाईट जाते हे कारणही सांगू नका. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांचे छोटे यूपीएस मिळतात. मागचा व्होल्टचा आकडा बघूनच घ्या. आणि विजा कडाडत असतील तर अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण विजेच्या बोर्डातून येतो, गोठ्यापर्यंत नेलेल्या तांब्याच्या तारेतूनही येतो.

शेवटी चावी. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या आत शिरायचा. पहिला आपण पाहुण्यांना वाटतो आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच ठेवतो. तो ज्याला माहीत, तो वायफायवर आला की तुमचं नेट कुठेही वळवू शकतो. याच नेटवर तुम्ही बँकेचं खातं उघडता. राउटरच्या पाठीवर पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकात टाका, आत जा, दोन्ही पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ च्या खाली ठेवू नका. आतला पासवर्ड जोडणारा देत नसेल तर मागून घ्या. पैसे आपण भरतो.

"बिघडलं तर?" हा प्रश्न येणारच, आणि तो बरोबर आहे. नाव, पासवर्ड, चॅनेल बदलल्यानं काही मोडत नाही. मागच्या बारीक भोकात मात्र टाचणी घालू नका. ते रिसेट आहे. कंपनीनं आत भरलेली जोडणीची माहितीही त्यानं पुसली जाऊ शकते, मग खरंच त्या पोराची वाट बघावी लागते. म्हणून जोडणी चालू असतानाच सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. डबीवर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला तर दोष सेटिंगचा नाही, तारेतून सिग्नलच येत नाही. तेव्हाच तक्रार करा, आणि राउटर बदलला तर माणूस जायच्या आधी जुनं नाव, जुना पासवर्ड टाकून घ्या.

माझ्याकडे आता हे सगळं फवारणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. वही कपाटात, किल्ली घरच्यांकडे. रोज सकाळी अ‍ॅप उघडलं की आकड्याआधी तारीख बघतो.

तुमचा राउटर कुठे ठोकलाय आणि आतला पासवर्ड कुणाकडे आहे, आज संध्याकाळी बघून खाली लिहा. मी पानं उलटायला बागेत चाललो.