बदली जवानाची, ताटातूट मुलाची

सैनिकाची बदली साधारणतः दोन-तीन वर्षांनी होते. घरात स्वमग्न वा बौद्धिक दिव्यांग मूल असेल, तर त्याची शिक्षिका, वाचा-उपचार आणि कष्टाने लागलेली सवय मागे राहते. नव्या गावी आईला सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. बाप बहुधा सीमेवर! आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशनच्या ‘आशा’ शाळा पुण्यासह अनेक छावण्यांत अशा मुलांना शिकवितात. कार्य मोलाचे, परंतु निवृत्त जवान गावी परततो, तेव्हा शाळा छावणीतच राहते. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास नियमांनुसार आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याची नोंद आईवडील हयात असतानाच करून घेणे इष्ट. आपल्या धर्मग्रामातील माजी सैनिकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याविषयी अवश्य चौकशी करावी.