भाड्याच्या छतावरील सौरविजेच्या उत्पन्नाला एकच करनियम लावण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव, महसूल विभाग,
वित्त मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली.

मार्फत : मा. प्रधान मुख्य आयकर आयुक्त, पुणे.

विषय : भाड्याने दिलेल्या खोल्या, गाळे व शेड यांच्या छतावरील सौरविजेपोटी मिळणाऱ्या रकमेवरील आयकर व जीएसटीबाबत परिपत्रक काढणे.

महोदय,

भोसरी, तळवडे, चिखली, मोशी तसेच खेड तालुक्यातील निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी येथे लघुउद्योगांना गाळे व शेड आणि कामगारांना खोल्या भाड्याने देणारे आम्ही मालक आहोत. आमच्यापैकी अनेकांच्या शेतजमिनी एमआयडीसीत गेल्या. उरलेल्या जागेवर उभ्या केलेल्या बांधकामाचे भाडे हाच आता घरचा आधार आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने पीएम सूर्यघर योजना आणली. घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेसाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गाळ्यांतली यंत्रे दिवसा चालतात, त्यामुळे छतावर तयार झालेली वीज तिथल्या तिथे खपते. तरीही आमची बहुतेक छते रिकामी आहेत. पॅनेलचा खर्च मालकाचा आणि कमी झालेले बिल भाडेकरूचे, असा हा व्यवहार आहे. घातलेले पैसे भाडेकरूकडून वसूल करायचे तर त्या रकमेला कर कोणत्या शीर्षाखाली लागेल, याचे एक उत्तर आम्हाला मिळत नाही.

समजा, एका मालकाने पाच लाख रुपये घालून दहा किलोवॅटचे संयंत्र बसवले. वर्षाला साधारण 14,000 युनिट मिळाले आणि सात रुपये दराने भाडेकरूंकडून 98,000 रुपये जमा झाले. ही रक्कम भाड्यातच धरली, तर ती घरमालमत्तेचे उत्पन्न ठरते. 30 टक्के सरसकट वजावट जाऊन 68,600 रुपयांवर कर बसतो आणि पॅनेलचा घसारा मिळत नाही. व्यवसायाचे उत्पन्न मानली, तर सौर संयंत्राच्या 40 टक्के दराने पूर्ण वर्षाचा घसारा दोन लाख होतो आणि पहिल्या वर्षी करपात्र काहीच उरत नाही. इतर स्रोतांत दाखवून घसारा नाकारला गेला, तर जवळजवळ सगळी रक्कम करपात्र. छत तेच आणि वीजही तीच असताना पावती कशी फाडली यावर कर ठरतो.

राहत्या घराचे भाडे व्यवसायात दाखवण्याची वाट वित्त (क्रमांक 2) अधिनियम, 2024 ने बंद केली. सबमीटरवर मोजून दिलेली वीज या ‘भाड्या’त येते का, हे खोल्यांच्या मालकांना कळणे त्यामुळे अधिकच गरजेचे झाले आहे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या आयकर अधिनियम, 2025 मध्येही उत्पन्नाची ही शीर्षे कायम आहेत.

हा घोळ नवा नाही. मोबाइल टॉवरसाठी दिलेल्या गच्चीचे भाडे कोणत्या शीर्षाखाली धरायचे, यावर वर्षानुवर्षे दावे चालले; नायगारा हॉटेल्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये ते घरमालमत्तेचे उत्पन्न ठरवले. एवढ्या लांबच्या लढाईची ऐपत खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबात नसते.

जीएसटीत अडचण वेगळी आहे. विजेला जीएसटी माफ आहे. मात्र 31 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रक क्र. 206/18/2023 नुसार भाड्यासोबत दिलेली वीज संमिश्र पुरवठा ठरते आणि तिला भाड्याचाच दर, म्हणजे गाळ्यांसाठी 18 टक्के, लागतो. वीज कंपनीचे बिल जसेच्या तसे वसूल केले तरच सूट मिळते. छतावरच्या विजेला कंपनीचे बिलच नसते! महावितरणची वीज भाडेकरूला जीएसटीविना पोहोचते आणि मालकाच्या सौरविजेवर 18 टक्के चढतात. कंपोझिशन योजनेतल्या जॉबवर्कवाल्याला त्याचा परतावाही घेता येत नाही.

आमच्या मागण्या :

1. सबमीटरवर मोजून स्वतंत्र आकारलेल्या सौरविजेची रक्कम भाड्यापासून वेगळी धरावी आणि तिच्यासमोर संयंत्राचा घसारा, देखभाल व कर्जावरील व्याज वजा करू द्यावे.

2. वीज भाड्यात अंतर्भूत असेल तर संपूर्ण रक्कम घरमालमत्तेचे उत्पन्न मानावी; तिचे तुकडे पाडून वाद काढू नयेत.

3. नेट मीटरिंगमुळे स्वतःच्या बिलात होणारी वजावट हे उत्पन्न नाही, असे स्पष्ट करावे. वर्षअखेरीस शिल्लक युनिटपोटी मिळणाऱ्या मोबदल्याचे शीर्षही ठरवून द्यावे.

4. सूर्यघर अनुदान व्यक्तिगत घरमालकाच्या हाती करपात्र नाही, असा लेखी खुलासा करावा. घरगुती गॅसच्या अनुदानाबाबत तो 2015 मध्ये झाला होता.

5. महावितरणच्या लागू दराहून जास्त न आकारता मोजून दिलेल्या सौरविजेला जीएसटीत बिलाबरहुकूम वसुलीप्रमाणेच वागवावे. त्या बदल्यात संयंत्रावरील जीएसटीचा परतावा सोडण्यास आम्ही तयार आहोत.

यात करमाफी मागितलेली नाही. कर किती बसणार हे आधी कळले, तर बँकेकडे कर्ज मागता येते आणि भाडेकरार नीट लिहिता येतो. चालू वर्षाची विवरणपत्रे भरण्याची मुदत संपण्यापूर्वी परिपत्रक निघावे आणि तत्पूर्वी आमच्या प्रतिनिधींना पुणे कार्यालयात म्हणणे मांडण्याची वेळ मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील गाळे, शेड व खोल्यांचे मालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी :
1. मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ
2. मा. अध्यक्ष, केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ
3. मा. मुख्य अभियंता, महावितरण, पुणे परिमंडळ