नौका मोडीत निघतील. आठवणी निघू नयेत

‘विराट’ ही विमानवाहू युद्धनौका ६ मार्च २०१७ रोजी भारतीय नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली. ब्रिटिश नौदलात ‘हर्मीस’ या नावाने १९५९ मध्ये दाखल झालेली आणि १९८७ पासून भारताचा ध्वज मिरवणारी ही नौका सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधील अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर पोहोचली. मधल्या साडेतीन वर्षांत तिच्या जतनाच्या घोषणा झाल्या, प्रस्ताव आले, मंत्रिमंडळाची मंजुरीही झाली; झाली नाही ती पैशाची तरतूद. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळ ८५२ कोटी रुपयांच्या तरंगत्या संग्रहालयास मान्यता दिली होती. मात्र आर्थिकदृष्ट्या स्वयंपूर्ण असा एकही प्रस्ताव न आल्याने नौका मोडीत काढण्याचे ठरल्याचे केंद्राने २०१९ मध्ये संसदेत सांगितले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तोडणी सुरू झालेली होती.

हे सारे आधी एकदा घडून गेले होते. १९७१ च्या युद्धात जिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढविले, ती ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि मुंबईच्याच दारूखान्यात तुटली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीच्या टाकीत उतरला. दोन्ही वेळी याचिका झाल्या, माजी नौसैनिकांनी साकडे घातले, वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. आणि दोन्ही वेळी निर्णय झाला तो निर्णयाची वेळ टळून गेल्यावर.

या प्रकरणात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. खाऱ्या पाण्यातील पोलाद अखंड गंजत असते. ‘विराट’सारखी सुमारे २८ हजार टनांची नौका तरंगती ठेवायची तर ठरावीक काळाने तिला गोदीत घ्यावे लागते, आणि हा खर्च दरवर्षी वाढत जातो. नौदलाने चालू ताफ्याचा पैसा निवृत्त नौकेवर का खर्चावा, हा प्रश्न रास्त आहे. राज्य सरकारांचा उत्साह भूमिपूजनापुरता असतो, तर खासगी गुंतवणूकदारास परताव्याची हमी हवी असते. तिघांची बाजू आपापल्या जागी बरोबर असली, तरी अंतिम जबाबदारी कोणाचीच नाही. प्रशासनात अशा विषयाचे भवितव्य ठरलेले असते: नस्ती फिरत राहते आणि मुदत संपली की लिलाव होतो.

उलट, जिथे जबाबदारी आणि आकार यांचा मेळ बसला तिथे काम झाले आहे. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून खुली झाली. ती पाण्यात नव्हे, जमिनीवर आहे. तिची जबाबदारी एका नागरी विकास प्राधिकरणाकडे आहे. आणि पर्यटकांना ती दाखविण्याचे काम माजी नौसैनिक करतात. ‘गोमती’ निवृत्त झाल्यावर अखंड नौकेचा हट्ट न धरता तिची निवडक शस्त्रसामग्री लखनौमध्ये गोमतीकाठी मांडण्याची योजना आखण्यात आली. दीवजवळच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी जुनी ‘खुकरी’ १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह बुडाली. तिचेच नाव धारण करणारी पुढची नौका निवृत्तीनंतर दीवच्या प्रशासनाकडे सोपविली गेली. स्थळ, नौका आणि स्मृती यांचे नाते इथे स्वाभाविक आहे.

प्रत्येक नौका वाचविता येणार नाही, हे एकदा मान्य केले की खरा प्रश्न समोर येतो. पोलाद गेले तरी त्याबरोबर काय जाऊ द्यायचे नाही? १९७१ मध्ये ‘विक्रांत’च्या चारपैकी एक बॉयलर तडा गेल्याने निकामी होता. उरलेल्या बॉयलरांवर तिने युद्ध लढले. दप्तरी हे एका तांत्रिक नोंदीत मावते. पण बॉयलरखोलीत पाळी करणाऱ्यांनी तो धोका रोज कसा पेलला, हे तेच सांगू शकतात. ‘विक्रांत’चा माग काढणारी ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ नेमकी कशाने बुडाली, याविषयी दोन्ही देशांची कथने आजही वेगळी आहेत. अशा वादात प्रत्यक्षदर्शींची साक्ष हा पुरावा असतो, आणि तेव्हा विशीत असलेले नौसैनिक आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्ध-इतिहासाचे संकलन आणि कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. सामान्यतः २५ वर्षांनी कागद खुले व्हावेत आणि युद्ध संपल्यापासून पाच वर्षांत अंतर्गत उपयोगासाठी इतिहास सिद्ध व्हावा, असे त्यात म्हटले आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि त्याचा भर कागदावर आहे, आणि कागद आदेश देणाऱ्यांचा असतो. अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे निघतात; इंजिनखोलीतील, स्वयंपाकघरातील वा संदेशकक्षातील नौसैनिक लिहीत नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगतो, पुढील पिढीला सर्वाधिक उणीव भासेल ती याच आवाजांची.

म्हणून तीन गोष्टी करणे शक्य आहे. नौकेच्या निवृत्तीचा अंदाज बराच आधी येतो; तेव्हा किमान पाच वर्षे आधी जतन, अंशतः जतन, समुद्रतळावर विसर्जन की तोडणी, याचा निर्णय लेखी व्हावा आणि जतन ठरल्यास देखभालीचा निधी आधी राखून ठेवावा, घोषणा नंतर करावी. तोडणी ठरल्यास लिलावाच्या रकमेतील ठरावीक हिस्सा त्याच नौकेच्या दस्तऐवजीकरणासाठी वेगळा काढावा. आणि नौकेवर सेवा केलेल्या सर्व श्रेणींच्या नौसैनिकांच्या मुलाखती, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, ध्वनिमुद्रित करणे हा निवृत्तीच्या कार्यपद्धतीचाच भाग असावा. या मुलाखती राष्ट्रीय अभिलेखागारात जाव्यात.

या तिसऱ्या कामाला गोदी लागत नाही आणि शेकडो कोटीही लागत नाहीत. लागतो तो थोडा वेळ, आणि १९७१ च्या पिढीपाशी तोच कमी उरला आहे. पुढच्या नौकेसाठी नियम होतील तेव्हा होतील. या माणसांच्या मुलाखती मात्र याच वर्षी सुरू व्हायला हव्यात.